हेमांगीच्या नावाची मूठ

...म्हणून म्हणते, उठू नको, बस. त्या लाल आकड्यांवर जाऊ नको. तिथं सतरा दिसतंय, पण आत अजून अकरा नंबरचीच बाई आहे—पावणेदोन वर्षं झाली मला या बाकावर बसायला, त्या आकड्यांपेक्षा मला जास्त कळतं. तुझा कितवा? अठरा? मग वेळ आहे. पंख्याखाली सरक इकडं. आणि ती पिशवी खाली ठेव की माय, कोणी नेत नाही—अशी पोटाशी धरलीस जशी काही आत कोंबडी आहे आणि ती ओरडेल. शिरपूरकडची ना तू? बोलण्यावरून वाटलंच. मी धरणगावच्या अलीकडची. घरी आपली अहिराणीच, पण इथं मी जळगावचं बोलते, सुनेनं शिकवलंय—नर्सबाईंना आपलं बोलणं कळतं, पण त्या हसतात, आणि मला पोट फाडलेलं चाललं, हसलेलं चालत नाही. मघाशी नर्सनं तुला विचारलं, काही गोळ्या चालू आहेत का, तर तू नाही म्हणालीस. लगेच. तिचं विचारून व्हायच्या आधीच. ऐकलं मी—आतलं बरंच सामान काढून घेतलंय माझं, पण कान शाबूत आहेत. असू दे, मी काही विचारत नाही तुला. मी आपली गोष्ट सांगते, तेवढाच वेळ जाईल.

तर कापसाच्या एका गावात राहायची भिकुबाई आणि तिचा नवरा उखर्डू; मुलगा नवल आणि नवलची बायको हेमांगी सणावाराला यायचे. दारात निंबाचं झाड, झाडाखाली खाट, आणि घरातलं सगळ्यांचं सगळ्यांना माहीत—असं आपलं त्यांना वाटायचं. काय गं? फाइलीवरचं नाव वाचलंस? वाचता येतं तुला, बरंय. मला नाही येत, पण त्या नावाचा आकार ओळखते मी. हो, भिकुबाई मीच. पण गोष्टीतली भिकुबाई तू वेगळी धर—तिच्याबद्दल मला बोलता येतं, स्वतःबद्दल बोलायला गेलं की जीभ आखडते. शिवाय गोष्टीत नवऱ्याचं नाव घेता येतं, हा एक फायदाच.

भिकुबाईची पाळी जाऊन बारा-तेरा वर्षं झाली होती. गेली तेव्हा तिला बरंच वाटलं—सुटलो एकदाचं, असं. आणि मग दोन वर्षांमागच्या आषाढात, बासष्टाव्या वर्षी, एके दिवशी परत आली. आधी थोडीशी, मग चांगली पूर्वीसारखी. कोणाला सांगणार? उखर्डूला सांगून उपयोग नाही, तो बैलाला ताप आला तरी घाबरतो. जावेला—बेबाबाई तिचं नाव, शेजारच्याच घरात—तिला सांगायचं म्हणजे गावात दवंडीच. आणि तीन आठवड्यांवर कानबाई. तुमच्याकडं पण बसतच असेल की कानबाई? पण घराघराची रीत निराळी. आमच्यात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे भाऊबंद एका घरी जमतात, नारळाला नथ घालून देवी मांडायची, आणि आधी रोटाचा, म्हणजे देवीच्या नैवेद्याचा, गहू मोजायचा—घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाचा सव्वा मूठ गहू टाकायचा. त्या गव्हाच्या पुरणपोळ्या घरच्यांनीच खायच्या, बाहेर घास जाऊ द्यायचा नाही. आणि पाळीतली बाई अंगणात पण चालत नाही. मग काय करतात? गोळ्या. हसू नको, तुमच्याकडं पण हेच. आमच्यात गव्हाबरोबर गोळ्या येतात. हेमांगी इथं जळगावात मेहरूणला राहते—नवल पाइपच्या कंपनीत आहे—ती आठ दिवस आधी गावी येताना पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणते, पाचही सुनांच्या, रबर लावून, एकेकीचं नाव लिहून. उरलेल्या बिस्किटाच्या डब्यात, डबा गावच्या घरी कपाटाच्या वर. फार टापटिपीची पोरगी. पुढच्या सणाला कमी पडायला नको म्हणून चार-पाच पाकिटं जास्तच.

भिकुबाईनं दुपारी सगळे शेतात गेले तेव्हा स्टूल लावलं आणि डबा काढला. उतरताना स्टूल हललं, गुडघा आपटला दाणकन—टोपलीएवढा सुजला—मग घरात सांगितलं की गोठ्यात घसरले. गोळ्या लागू पडल्या. तीन दिवसांत सगळं थांबलं. कानबाई थाटात झाली, भिकुबाईनं देवी डोक्यावर घेतली, नदीपर्यंत नाचत गेली, सुजलेल्या गुडघ्यानं. गोळ्या बंद केल्या की परत सुरू. मग नवरात्राला परत स्टूल. दिवाळीला परत. पाकिटं संपेपर्यंत.

आता तू म्हणशील, बासष्टाव्या वर्षी हे काय म्हणून घाबरली नाही का? नाही ना घाबरली. तेच तर. घाबरायला पाहिजे होतं, पण तिला—कसं सांगू—तिला बरं वाटत होतं गं. चेहरा तुकतुकीत झाला होता. छाती भरून आली होती, जुन्या चोळ्या आवळायला लागल्या. एकदा कापूस वेचताना एक बाई म्हणाली, भिकुआक्का, काय खाते तू, दहा वर्षांनी लहान दिसतेस. भिकुबाई घरी आली आणि आरशासमोर उभी राहिली, पदर खाली घेऊन. कितीतरी वेळ. तिला वाटलं, कानबाईनं दिलंय, इतकी वर्षं डोक्यावर घेतलं तिला, त्याचं काहीतरी परत दिलंय. उखर्डूसाठी नवी टिकली पण आणली होती मी एक, हिरवी. आणि त्यानं बघितलीच नाही, मेल्यानं—अगं बाई. हे काय बोलले मी? हे मी डॉक्टरीणबाईला पण सांगितलेलं नाही. सुनेला तर नाहीच. तू पण विसर. टिकलीचं सोड.

मार्गशीर्षात पोट वाढायला लागलं. परकराची नाडी पुरेना. घास खाल्ला की पोट भरायचं, आणि तरी पोट पुढंच. उखर्डू म्हणाला, "तू जाडी व्हयनी व." दोन वर्षांत त्यानं माझ्याकडं बघून काढलेलं ते एकच वाक्य, आणि ते पण चुकीचं—हात-पाय काटक्या झाल्या होत्या, पोट तेवढं पुढं. पौषात एक दिवस दम लागून ती बांधावरच बसली. नवल गाडी घेऊन आला, इथं आणलं. पोटातून पाणी काढलं—बादलीभर, खोटं नाही सांगत—आणि डॉक्टरीणबाई म्हणाली, अंडाशयाची गाठ आहे, कॅन्सरची, आणि पोटात पसरली आहे.

त्याच दिवशी ते घडलं. वॉर्डात खाटेपाशी नवल, बेबाबाई आणि हेमांगी. हेमांगी पिशवीतून कपडे काढून खणात लावत होती, तर चोळीच्या घडीतून गोळ्यांची रिकामी पाकिटं पडली. चार. मी जपून ठेवली होती, फेकायची कुठं गावात, कोणी बघितलं असतं. डॉक्टरीणबाई तिथंच होती, तिनं उचलली, वाचली आणि विचारलं, आजी, या कोणी दिल्या तुम्हाला? सगळे बघायला लागले. नवल, बेबाबाई—बेबाबाईचे तर डोळे असे बटाट्याएवढे. आणि भिकुबाईला काय वाटलं माहितेय? कॅन्सरचं काही वाटलं नाही. तिला वाटलं, आता ही जाऊ गावात जाऊन सांगेल की भिकुबाई विटाळात देवी डोक्यावर घेऊन नाचली. तेवढंच डोक्यात. तर भिकुबाई म्हणाली—

मी म्हणाले, "हेमांगीनं दिल्या. म्हणाली, पित्ताच्या आहेत."

झालं. एवढंच. हेमांगीनं माझ्याकडं बघितलं आणि हातातली चोळी झटकून घडी घातली. मग ती उलगडली आणि परत घातली. चार वेळा तिनं त्याच चोळीची घडी घातली. मला वाटत होतं, बोलेल, नाही म्हणेल, मग मी पण काहीतरी म्हणेन. ती बोललीच नाही तर मी कुठून सुरू करू?

मग पुढचं तुला सांगायला नको. बेबाबाईनं गावात जे सांगायचं ते सांगितलंच, वर मीठ-मसाला—सुनेनं सासूला गोळ्या चारल्या, गोळ्यांनी कॅन्सर पसरला. नवल भांडला नाही, पण हेमांगीशी हो आणि नाही एवढंच बोलायला लागला. गेल्या वर्षीच्या कानबाईला हेमांगीला गव्हाला हात लावू दिला नाही. ती ओट्यावर बसून भांडी घासत होती, सगळ्यांची. आणि मी आत गादीवर, डोक्यावर एक केस नाही, टोपडं घातलेलं, सगळे येऊन पाया पडतायत—देवी मी का तो नारळ, कळेना. मला बोलायचं होतं. पण टोपडं घालून खरं बोलणं फार अवघड असतं, सगळे आधीच रडायला बसलेले असतात.

आणि केमोला कोण आणायचं मला? ही. सहा वेळा. स्कूटीवर, मेहरूणहून—आजारपणापासून मी त्यांच्याकडंच—मागं मला ओढणीनं स्वतःशी बांधून घ्यायची, चक्कर आली तर पडू नये म्हणून. उलटी झाली तर हिच्याच पाठीवर. तीन केमो, मग ऑपरेशन, परत तीन. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईनं समजावलं की आतड्यावर चरबीचा एक पडदा असतो, पदरासारखा. गाठीतनं पेशी सुटतात, पोटातल्या पाण्यात तरंगतात आणि त्या पदराला जाऊन चिकटतात—गवतातून चालत आलं की लुगड्याला कुसळं लागतात ना, तशा. म्हणून तो पदरच काढून टाकला माझा. बाईचा पदर काढला आणि बाई वाचली, असं म्हणून मी हसले, तर कोणी हसलं नाही. तू हसलीस, बरी आहेस.

पण माझं मन त्या गोळ्यांवर. यंदा उन्हाळ्यात तपासणीला आलो तेव्हा हेमांगी शेजारी बसलेली असताना मी विचारलंच, त्या गोळ्यांनी पसरला का तो? लोक म्हणतात. डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, आजी, शेतात ठिबक आहे ना? आहे की, जळगाव जिल्ह्यात ठिबक नाही असं शेत दाखवा. मग म्हणाली, नळीचा थेंब पडतो तिथंच गवत तरारतं, मधला पट्टा कोरडा. हार्मोन म्हणजे तो थेंब. अंगात बायकीपणाचा एक हार्मोन असतो. तुमची गाठ त्या ओलीवर वाढणारी निघाली. पेशी सुटून कुठंही पडू दे, ओल मिळाली की ती घट्ट चिकटते, मूळ धरते. नाही मिळाली तर तिला जड जातं. सगळ्या बायकांच्या गाठी अशा नसतात, काही कोरड्यावर पण वाढतात, म्हणून आधी तपासून बघावं लागतं. मी म्हटलं, पण माझी पाळी तर केव्हाच गेलेली, ओल आली कुठून? तर म्हणाली, थोडी चरबीत झिरपतच असते, म्हातारपणी पण. आणि तुमच्या गाठीनं तर स्वतःच बोअर मारला होता—गाठच तो हार्मोन तयार करत होती. म्हणून तर पाळी आल्यासारखं झालं तुम्हाला.

आलं लक्षात? तो तुकतुकीत चेहरा, ती भरलेली छाती—देवीनं नव्हतं दिलेलं. गाठीनं दिलं होतं. मी आरशात जे बघत होते ना, ते तीच होती. थोडं वाईट वाटलं, खोटं का सांगू.

बरं, आणि त्या गोळ्या? डॉक्टरीणबाई म्हणाली, गोळ्यांनी बी पेरलं नाही, गोळ्यांनी पसरवलं असं पण नाही. पण ते रक्त म्हणजे निरोप होता, आणि गोळ्यांनी तो पाच महिने दाबून ठेवला. तेवढे महिने गाठीला फुकट मिळाले. पाळी गेलेल्या बाईला परत रक्त दिसलं, एक थेंब जरी, तर सणवार बघत बसायचं नाही, त्याच आठवड्यात यायचं. आता मला रोज एक बारकी गोळी आहे, ती ओलीचा कॉक बंद करते. सांधे दुखतात तिनं, पण दुखू दे. उठताना शेवटी म्हणाली, मनावर ओझं ठेवू नका, आजी—काळजीचा पण हार्मोन असतो, आणि प्रयोगशाळेत तर असं दिसतं की या पेशींना त्याचं पण पाणी चालतं. माणसांत किती, ते अजून पक्कं नाही, असं पण म्हणाली ती. पण मी पुढचं ऐकलंच नाही. मी म्हटलं, मेले, म्हणजे एक कॉक अजून चालूच आहे. आणि तो तर मीच सोडलेला. शेजारी हेमांगी माझ्या फाइलीतले कागद तारखेप्रमाणे लावत बसली होती.

स्कूटीवर सांगायचं ठरवलं, तर वारा. घरी सांगायचं ठरवलं, तर नवल टीव्हीसमोर. असं करत करत कानबाई आली. मागच्या महिन्यातली ही. आणि मग मला वाटलं, खोटं चारचौघांत सांगितलं होतं, तर खरं एकटीला कानात सांगून कसं चालेल? भाऊबंद जमले. गिरधर नाना—आमचे थोरले दीर—सूप घेऊन बसले, एकेक नाव घेतायत, उखर्डूची सव्वा मूठ, झुलालची सव्वा मूठ, नवलची सव्वा मूठ. हेमांगी परत ओट्यावर, भांड्यांशी. भिकुबाई उठली. मोठ्यांच्या कामात मध्ये बोलायची आमच्यात रीत नाही, पण म्हातारीला आणि कॅन्सरवालीला कोण अडवणार, दोन्ही एकदम आहे मी.

"नाना, थांबा," मी म्हटलं. "त्या गोळ्या मी चोरल्या. स्टुलावर चढून, तीन वेळा. मला पाळी येत होती आणि मी तशीच देवी डोक्यावर घेतली. हेमांगीनं मला एक गोळी दिलेली नाही."

बाहेर शेळीनं पाला ओढला तो आवाज आत आला. बेबाबाईनं तोंडाला पदर लावला, म्हणाली, देवी कोपेल आता. मी म्हटलं, कोपायची तर दोन वर्षांपूर्वीच कोपली असती, मी चांगली नदीपर्यंत नाचले होते. कोणीतरी हसलं मागून, आमचा पुतण्या झुलालच असेल. आणि मग मी सुपातून एक मूठ घेतली, सव्वा, माझ्या मुठीची, आणि म्हटलं, ही हेमांगीच्या नावाची. नाना म्हणाले, रोट पुरुषांच्या नावाचा असतो, भिकुबाई. माहितेय मला. पंचेचाळीस वर्षं दळतेय, माझ्या नावाचा दाणा कधी पडला नाही त्यात, मी मागितला पण नाही. पण ही मूठ मी परत घेणार नाही, म्हटलं, पाहिजे तर तुम्ही दाणे वेचून काढा. गव्हातून गहू वेचायचा म्हणजे—नानांनी सुपाकडं बघितलं, चष्मा पुसला आणि पुढचं नाव घेतलं.

नवल उठला आणि ओट्यावर गेला. काय बोलला, मला ऐकू आलं नाही—येत होतं, पण मी ऐकलं नाही. भांडी तेवढी त्यानं घासली उरलेली, आणि वाईट घासली, मी परत घासली नंतर.

आणि हेमांगी? मला वाटलं रडेल, बोलेल, दोन वर्षांचं काढेल. काढलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. ती पीठ चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, या वर्षी डबा खालच्या खणात ठेवलाय. त्या वेळी गुडघा फार सुजला होता तुमचा."

गोठ्यातला गुडघा म्हणून सांगितलं होतं मी सगळ्यांना. पहिल्या दिवसापासून माहीत होतं तिला. स्टूल मी परत जागेवर ठेवलं नसणार. तिनं आवरलेल्या घरात वस्तू इंचभर हललेली कळते तिला.

तर अशी त्या घराची गोष्ट. आता बरं शे सगळं. दोन रिपोर्ट चांगले आले, हा तिसरा, हेमांगी आणायला गेलीय खाली. रोट या वर्षी एका दिवसात संपला, उरलाच नाही. आणि परवा नवल आणि ती स्कूटीवर गेले संध्याकाळी, भाजी आणायला म्हणून. मेहरूणच्या तळ्यावर दिसले होते शेजारणीला. दोन तासांनी आले. भाजी आणलीच नव्हती. मी डाळ टाकून ठेवलेलीच होती, मला काय कळत नाही?

ऐक, अठरा म्हणतायत. तुझा नंबर. पिशवी घे. तू मघाशी बाटली काढलीस ना पाण्याची, तेव्हा दिसलं मला ते पाकीट—तेच आहे, मला वाचता येत नाही, पण त्या पाकिटाचा आकार मी झोपेत पण ओळखीन. मी नाही विचारत तुझं वय. पाळी कितीदा आली आणि कोणापासून लपवलं, ते पण नाही विचारत. टेबलावर ठेव ते आणि सांग, कोणी दिलं ते पण खरं सांग. मला नको सांगू, मला काय करायचंय—तिला सांग. बठ्ठं सांगजो, सगळंच. जाय आता, नाहीतर एकोणीसवाली घुसेल. ती बघ माझी हेमांगी आली जिन्यातून, पाकीट उघडलंय तिनं रिपोर्टचं आणि हसतेय. जाय.